बरणीवरची रेघ

"आजही मीठ नाही," बाळ उकिडवे आमटीचा दुसरा घोट घेऊन म्हणाले.

"विसरले," त्यांची बायको मंदाकिनी म्हणाली, आणि तिने त्यांच्या पानात भात वाढला.

बाळांनी भात कालवला. ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही. पुरावा तयार होत होता. मिठाच्या बरणीवर त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती आणि मीठ त्या रेघेखाली उतरत नव्हतं. त्यात बायको स्वतःही तीच अळणी आमटी मुकाट्याने ओरपत होती. हे लक्षण त्यांना जास्त गंभीर वाटलं.

गुरुवारी त्यांच्या हृदयाच्या तपासणीसाठी कोपरहून ठाण्याला जायचं होतं. हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलेलं, पण तो जुना मुद्देमाल होता. या खेपेला बायकोलाच दाखवायचं, असं त्यांनी तिला न सांगता ठरवलं.

दवाखान्याच्या बाकावर ठाकुर्लीच्या केशरबाई होत्या. त्यांचंही हृदय असंच थकलेलं. सुनेला त्यांनी दोनदा लेकीच्या नावाने हाक मारली, तेवढ्यावरून मुलगा रवींद्र त्यांना घेऊन आलेला. "आई बोलतेच कमी ना काका, म्हणून लगेच कळलं," तो म्हणाला. बाळांनी मंदाकिनीकडे पाहिलं. तीही हल्ली कमीच बोलायची.

आत गेल्यावर त्यांनी डॉक्टर आसावरींपुढे प्रकरण मांडलं. आमटी, बरणी, रेघ, सगळं क्रमाने. "दोन महिने जेवणात मीठ नाही, डॉक्टर. हिची स्मरणशक्ती तपासा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसलेल्या बाळांचं मीठ त्यांनीच बंद केलं होतं. तेव्हा बाळांनी मिठाच्या सत्याग्रहावर विनोदही केला होता. डॉक्टरांनी मंदाकिनीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. नको.

"दोघांचीही चाचणी घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

बाळांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, वार सांगितला, वर प्रश्नांच्या मराठीत दोन दुरुस्त्या सुचवल्या. जिथे अडले तिथे त्यांनी कोर्टातला किस्सा सांगितला. किस्से चांगले होते. ते पास झाले.

ते बाहेर चपला घालायला गेले तेव्हा डॉक्टर मंदाकिनीला म्हणाल्या, "केशरबाई शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांना हा चाचणीचा कागद उगाच नापास करतो. यांना उगाच पास करतो. शिकलेल्या, बोलक्या माणसांचं विसरणं उशिरा उघडकीला येतं. तुम्ही यांना मिठाचं सांगत का नाही?"

"चार वेळा सांगितलं. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे दचकतात, मग आपण विसरलो हे कळून घाबरतात. जेवण तसंच राहतं. मी विसरले म्हटलं की पोटभर जेवतात."

घरी आल्यावर पानं वाढली. बाळांनी आमटी चाखली आणि बायकोकडे पाहिलं.

"विसरले," मंदाकिनी म्हणाली.

"असू दे गं. वयाप्रमाणे व्हायचंच," बाळ मऊ आवाजात म्हणाले. "मी आहे ना."

जेवण झाल्यावर ते गुपचूप स्वयंपाकघरात गेले आणि पुराव्यासाठी मिठाच्या बरणीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून आले. तिथे आधीच्या चार होत्या.

ओटा आवरताना मंदाकिनीने बरणी पुसली. रेघा तेवढ्या सोडून.