पातेलं चुलीवर, मी वाळवीवर

मित्रांनो, चुलीवर मानाने बसलेल्या भांड्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मी चुलीवरून उतरवलेला माठ आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि पोटावर एक लांब चीर आहे. गोष्ट शांतपणे सांगायची असं मी ठरवलं आहे. पण त्या पातेल्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या मोसी लोकांच्या मुलुखात मडकी बायका घडवतात. अशाच एका कुंभारणीने मला थापलं, गवत आणि शेणाच्या आगीत भाजलं, आणि पोकोने मला विकत घेतलं. पोको दोलो, म्हणजे ज्वारीची आंबवलेली दारू, करून विकायची. लालसर, आंबूस दोलो माझ्या पोटात रटरटू लागला की माणसं भोपळ्याची भांडी घेऊन अंगणात जमत. शेजारचा पारे सर्वांत आधी येई. तो सामो जमातीचा. मोसी आणि सामो यांना एकमेकांची थट्टा करायचा पिढीजात हक्क आहे, त्यात राग धरायचा नसतो.

"अगं माझ्या चाकरणी," तो पोकोला म्हणे, "दोलो गोड आहे तो या माठामुळे. तुझ्या हाताला कसली चव!"

"पी गुपचूप, सामोच्या पोरा! तुमच्याकडे कुत्रीसुद्धा तहानेली झोपतात."

सगळे हसत. मी मात्र त्यातलं "या माठामुळे" एवढंच ऐकत असे.

मग एकदा पारेचं गाढव उधळलं आणि त्याची लाथ मला बसली. चीर पडली. पुढच्याच बाजारी पोकोने ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. ते चकचकीत, हलकं आणि जरासा धक्का लागला तरी ठणठणाट करणारं होतं. पोकोने ते आपल्या कापडाच्या टोकाने पुसलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिने मला कधी कापडाने पुसलं नव्हतं. माझ्या जागी, माझ्याच तीन दगडांवर ते बसलं, आणि मी भिंतीकडेला कोंबड्यांची शीट झेलत पडून राहिलो. रोज वाटायचं, त्या गाढवाला अजून एक लाथ सुचावी, पातेल्यासाठी.

मला तिथून उचललं ते पोकोच्या थोरल्या सुनेने, सिबदूने. तिचे वडील पावसाळ्यात गेले होते. त्यांचा मोठा विधी सुगीनंतर व्हायचा होता. तिच्या माहेरचा रिवाज असा, की लेकीने आपल्या अंगणात वाढवलेला पांढरा कोंबडा घेऊन यायचं. बाजारातला चालत नाही. कोंबडा नसेल, तर लेक विधीत मागे उभी राहते. सिबदूच्या कोंबडीची आधीच्या दोन खेपांची पिल्लं मेली होती. या खेपेला एकच पांढरं नर पिल्लू वाचलं होतं, आणि तेही मानेवर पिसं नसलेलं, पाय लटपटणारं.

"कोंड्यावर पिल्लू जगतं, वाढत नाही," पोको म्हणाली. "त्याला किडा हवा. पावसात आपोआप मिळतो, आता कोरडं वारं सुटलं. तो फुटका माठ ने."

फुटका माठ! पण गेलो. सिबदूने माझ्यात ज्वारीची ताटं आणि वाळलेलं शेण भरलं, पाणी शिंपडलं, आणि शेताच्या बांधाला वाळवीच्या बिळांवर मला पालथं घातलं. वर काट्याकुट्यांची सावली केली. रात्रभर आत खसखस चाललेली असे. सकाळी ऊन चढायच्या आत ती मला सुपात उपडं करी. पांढरी, लुसलुशीत वाळवी! ते पिल्लू पंख पसरून धावत येई. मोठ्या डोक्याचे चावरे किडे सिबदू आधी वेचून थोरल्या कोंबड्यांना टाकी, कारण ते पिल्लाच्या नरड्याला डसतात.

पिल्लाला तुरा फुटला. मान पिसांनी भरली. मला बरं वाटत होतं, पण संध्याकाळी अंगणातून हसण्याचा आवाज आला की मनात यायचं, तिकडे पातेलं मजेत बसलं असेल.

माझ्याइतकंच जळणारं त्या घरात आणखी कोणी होतं. ती धाकटी सून, हबिबू.

"जाऊबाईंचा कोंबडा वाळवी खातो, माझी पिल्लं काय माती खाणार?" असं म्हणत तिने सासूला न विचारता पातेलंच उचललं, त्यात शेण भरलं आणि माझ्या शेजारी पालथं घातलं. सावली केली नाही. सकाळी उठायला उशीर झाला. ऊन चढलं, पातेलं तव्यासारखं तापलं, आतलं शेण सुकलं. सुपात पडली ती नुसती शेणाची भुकटी. मित्रांनो, माझं काळीज त्या दिवशी सुपाएवढं झालं.

पातेलं तसंच चुलीवर परतलं आणि दुपारच्या दोलोचा पहिला घोट पारेने थुंकून टाकला. "चाकरणी, गाय प्यायला दिलीस की काय?"

माणसं उठून गेली. पोकोने हबिबूची चंपी केली आणि म्हणाली, "माझा जुना माठ आणा. राखेने घासा, चीर मातीने लिंपा. तोच खरा."

तोच खरा! मी चुलीवर चढलो. खाली जाळ, वर फेस. सिबदू दाराशी उभी होती. विधी जवळ आला होता आणि माठ चुलीवर गेला होता. कोंबडा मात्र थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मान वाकडी करून माझ्या पोटाखाली डोकावू लागला. त्याला वाटलं, मी आता उलटा होणार.

तेवढ्यात चिरेतून पहिला थेंब गळला. मग धार लागली. जाळ चुरचुरला, विझला, अंगणभर धूर झाला.

पोकोने विझलेली लाकडं बाहेर ओढली. "सिबदू, घेऊन जा बाई याला. चूल याची राहिली नाही. पातेलं वाळूने घासा."

मी पुन्हा पालथा पडलो. कोंबडा वाढत राहिला. विधीच्या दिवशी सिबदूने त्याचे पाय बांधून त्याला काखेत घेतलं. तो पांढराशुभ्र आणि जड होता. विधीत पुढे उभी राहून सिबदू परत आली ती आनंदाने. पारेने विचारलं, "वहिनी, काय चारलंस त्याला?"

"आमच्या माठाने चारलं," ती म्हणाली. मी पुढे झालेली सगळी स्तुती विसरलो, एवढंच लक्षात ठेवलं.

मित्रांनो, फुटलं म्हणून भांडं फेकू नका. चिरलेल्या भांड्याचंही काही काम असतं, ते शोधा. आणि आणखी एक विनंती. हबिबूने कुंभारणीकडून एक तडकलेला माठ मागून आणला आहे आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर पालथा घातला आहे. आज सकाळी त्याच्याखाली माझ्यापेक्षा जास्त वाळवी निघाली. कृपा करून दोन माठ कधी इतके जवळ ठेवू नका.