कूलरसमोरची खुर्ची

मे संपत आला तेव्हा आमच्या मुली इतक्या थकल्या होत्या, की सराव झाल्यावर बुटाची नाडी सोडायला वाकणंही त्यांच्या जिवावर येई. कोणी भिंतीला पाठ लावून तशीच बसून राही, कोणी जमिनीवर आडवी होई. नवख्या माणसानं त्यांना पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा संघ सारखा हरत असणार. प्रत्यक्षात त्या वर्षी लीगच्या तक्त्यात सगळ्यांत वर ‘नागपूर वाघिणी’ हेच नाव होतं.

मी उमरेडच्या शाळेत व्यायामशिक्षक होतो. निवृत्तीनंतर नागपूरला आलो आणि सकाळच्या वेळी वस्तीतल्या लहान मुलांना बास्केटबॉल शिकवू लागलो. मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची असते. चेंडूला चापट मारायची नाही, बोटांनी खाली ढकलायचं. तो आपणहून हातात परत येतो. ही गोष्ट कळायला काहींना एक सकाळ लागते, काहींना अख्खा पावसाळा. उमरेडच्या शाळेत सोनिकाला पुष्कळ वेळ लागला होता. शाळा सुटल्यावर ती हातमागाच्या धोट्यासारखा चेंडू इकडून तिकडे भिरकावत असे, कारण घरी तिनं तेवढंच पाहिलं होतं. तीच सोनिका आता वाघिणींची कर्णधार होती, आणि तिच्याच हट्टामुळे मी संघासोबत बाकावर बसत होतो. फ्री थ्रोचा सराव घ्यायचा, पन्ह्यात मीठ बरोबर पडलं का ते पाहायचं आणि कोणी रडत असेल तर तिच्याजवळ जाऊन बसायचं, एवढंच माझं काम.

आमचं सभागृह जुनं. वर पत्रा, बाजूला उंचावर झरोके, खाली लाकडी मैदान. एप्रिल लागला की पत्रा सकाळीच तापायचा आणि संध्याकाळ झाली तरी निवायचा नाही. आमच्या प्रशिक्षक प्रेमिला मॅडम मूळच्या इथल्याच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सराव भर दुपारी ठेवला. सारं शहर दारं-खिडक्या लावून झोपलेलं असे तेव्हा आमच्या मुली त्या पत्र्याखाली धावत. लू लागू नये म्हणून प्रत्येकीच्या बॅगेत एक कांदा ठेवायचा हा मॅडमचा नियम. पारशिवनीची मयुरा, आमची सगळ्यांत उंच मुलगी, रोज तो कांदा माझ्या नाकाजवळ आणून विचारायची, “सर, सोबत भाकर कोण आणून राहिलं?”

पण या सगळ्याचा उपयोग झाला. बास्केटबॉलचा सामना चार सत्रांचा असतो. बाहेरगावचे संघ आमच्याकडे येत, पहिली दोन सत्रं जोरात खेळत, आणि तिसऱ्यात त्यांचे हात गुडघ्यांवर जात. ते दिसलं की मॅडम बाकावरून ओरडत, “गॅस मोठा करा वं!” आणि आमच्या मुली धावत सुटत. घरच्या मैदानावर आम्ही त्या वर्षी एकदाही हरलो नाही. बाहेर मात्र कधी हरलो, कधी कसेबसे निभावलो. वर्तमानपत्रांत मुलींचे फोटो येऊ लागले. सकाळच्या वर्गातली माझी चिमुकली उन्नती कपाळाला सोनिकासारखी पट्टी बांधून येऊ लागली.

मग बाद फेरी आली. पहिला सामना आमच्याच मैदानावर, कोचीच्या संघाशी. जो हरेल तो घरी. जिंकणाऱ्यांना पुढचे सामने खेळायला चेन्नईला जायचं होतं. म्हणजे नागपुरातला हा शेवटचाच सामना. सोनिकाचा तर इथला तो कायमचाच शेवटचा होता. तिच्या उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की एवढा हंगाम उरकून घ्या आणि थांबा. हे तिनं मॅडमना आणि मला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं.

सामन्याच्या चार-पाच दिवस आधी संघाचे मालक धर्मेंद्रभाऊ सरावाला आले. गांधीबागेत त्यांचा साड्यांचा ठोक व्यापार. माणूस हौशी आणि हळवा. आल्या आल्या त्यांनी रुमालानं मान पुसली.

“मॅडम, बाद फेरीले टीव्हीवाले येऊन राहिले, मुंबईचे मोठे लोक येऊन राहिले. मी ठरवलं. चारी बाजूनं मोठे कूलर लावतो. नव्या ताट्या, वाळ्याचा वास. पाहुण्यायले वाटलं पाहिजे, नागपूर म्हणजे काय चीज आहे!”

प्रेमिला मॅडम हातातली शिट्टी फिरवत होत्या, ती थांबली.

“भाऊ, आपल्या पाच जणी मैदानात असतात. सहावा खेळाडू हा वरचा पत्रा आहे. त्याले तुम्ही बाहेर बसवून राहिले.”

“अहो पण लोक काय म्हणते? नागपूरवाले पाहुण्यायले भट्टीत घालून जिंकते! परवा एकानं तोंडावर म्हटलं मले. इज्जतीचा सवाल आहे मॅडम.”

“पोरीयनं भर दुपारी घाम गाळला, तो कोणाच्या इज्जतीसाठी?”

भाऊ गोंधळले. मॅडमशी वाद घालायची त्यांची हिंमत नव्हती आणि कूलरची हौसही सुटत नव्हती. शेवटी त्यांनी सोनिकाकडे पाहिलं. “कॅप्टन सांगन तसं करू. बोल वं सोनिका.”

मला वाटलं, ती लगेच नाही म्हणेल. ती गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिनं मान वर केली.

“भाऊ, कूलर लावले तर समोरच्या रांगेतली एक खुर्ची मले पाहिजे. कूलरच्या अगदी समोरची.”

“एक काय, दहा घे!”

मॅडम बाहेर निघून गेल्या.

खुर्ची कोणासाठी ते मला विचारावं लागलं नाही. सोनिकाचे वडील बाबनराव उमरेडचे विणकर. माग बंद पडल्यावर ते बसस्टँडजवळ एका दुकानात काम करू लागले, आणि तिथंच एका उन्हाळ्यात लू लागून कोसळले. जीव वाचला, पण डॉक्टरांनी ताकीद दिली, की उन्हात आणि उकाड्यात बसायचं नाही. लीग नेमकी उन्हाळ्यातच असते. त्याआधी सोनिकाचे सामने कायम परगावी. त्यामुळे बाबनरावांनी मुलीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. मोबाइलवर दाखवलं तर म्हणायचे, “या डबीत सगळ्या मुंग्याच दिसते. तू कोणती?”

त्या संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली.

“सर, मॅडम रागावल्या ना?”

“रागावल्या नाहीत. घाबरल्या.”

“कोचीले आपण दोनदा हरवलं आहे.”

“इथं उकाड्यात. तिथं एका गुणानं.”

“एका गुणानं का होईना, हरवलं ना?” तिनं गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरकवली. “बाबायनं मले एकदा जिंकताना पाहावं, बस. फक्त एकदा. चूक करून राहिली का मी?”

मुलांना शिकवताना मी उत्तर लगेच देत नाही. त्यांचं त्यांना सापडू देतो. मी म्हटलं, “बर्फ बदल. वितळला तो.”

सामन्याच्या दिवशी ऊन असं होतं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत आलं की मात्र वेगळंच जग. चारी बाजूंनी कूलर घोंघावत होते, वाळ्याचा वास सुटला होता, प्रेक्षक सुखावून चिवडा खात होते. बाबनराव आणि तुळजाबाई पहिल्या एसटीनं आले होते आणि दुपारपासून जागा धरून बसले होते. बाबनरावांनी पांढरा दुपट्टा कानांवरून बांधला होता, आणि शर्टाच्या खिशात कांद्याचा फुगवटा दिसत होता.

“सर, ही हवा तं श्रीमंताच्या लग्नातली आहे,” ते मला म्हणाले. “आमची कोणती?”

“सात नंबरची.”

“आता दिसली. केवढी मोठी झाली हो ही!”

पहिल्या सत्रात सोनिका तिच्या पूर्ण बहरात खेळली. दोनदा तिनं कोचीच्या मुलींमधून वाट काढून चेंडू टोपलीत टाकला, एकदा लांबून. बाबनराव टाळ्या वाजवत नव्हते. मान पुढे काढून ते चेंडूमागे डोळे फिरवत होते, मागावर धोटा पाहावा तसे. दुसऱ्या सत्राच्या शेवटीही आम्ही पुढे होतो.

मग तिसरं सत्र सुरू झालं. मॅडम सवयीनं ओरडल्या, “गॅस मोठा करा!” आमच्या मुली धावल्या. कोचीच्याही धावल्या. आम्ही त्यांचे हात गुडघ्यांवर जायची वाट पाहत होतो, पण ते काही गेले नाहीत. गार, ओलसर वारा वाहत होता. समुद्राकाठच्या मुली त्या. त्यांना तर घरच्यासारखंच वाटलं असणार.

आणि उलट आमच्याच मुलींना थकवा जाणवू लागला. हे मी पूर्वी शाळेच्या सहलींमध्ये पाहिलं आहे. डोंगर चढताना पोरं कुरकुरत नाहीत. वर जाऊन सावलीत बसली, की मग त्यांचे पाय दुखू लागतात. दोन महिने पत्र्याखाली आमच्या मुलींना थकायला सवडच मिळाली नव्हती. आता गार वारा लागला आणि सगळा हंगाम एकदम त्यांच्या अंगात उतरला. मयुरा दोनदा हातातला चेंडू सोडून बसली. बाकावर येऊन तिनं टॉवेल तोंडावर घेतला. “सर, पायच उचलत नाही हो,” ती आतून म्हणाली. कांद्याची थट्टा तिला त्या दिवशी सुचली नाही.

चौथ्या सत्रात कोचीनं आम्हाला गाठलं आणि मागे टाकलं. अगदी शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे असताना मॅडमनी टाइमआउट घेतला. मुली गोळा झाल्या. मॅडम डाव समजावत होत्या, पण सोनिकाचं लक्ष त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेलं होतं. मीही वळून पाहिलं.

बाबनरावांना झोप लागली होती. हनुवटी छातीला टेकली होती, दुपट्टा सुटून मांडीवर आला होता. एवढ्या गलक्यात ते गाढ झोपले होते. तुळजाबाई मुलीची नजर पाहून ओशाळल्या आणि नवऱ्याचा खांदा हलवू लागल्या. “अवो, उठा ना! पोरगी पाहून राहिली!”

सोनिकानं लांबूनच तळहात दाखवला. राहू दे. झोपू दे.

मॅडमनी विचारलं, “कळलं का वं?”

“हो मॅडम.” आणि ती मैदानात गेली.

शेवटचा चेंडू तिच्याकडेच आला. लांबून टाकायचा होता. पडला असता तर तीन गुण मिळून आम्ही जिंकलो असतो. तिनं उडी मारली तेव्हा उजवा पाय नेहमीसारखा उठला नाही, हे मला दिसलं. चेंडू टोपलीच्या कड्यावर एकदा फिरला, थबकला आणि बाहेर पडला.

कोचीच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या आरड्याओरड्यानं बाबनराव दचकून जागे झाले आणि गडबडीत टाळ्या वाजवू लागले. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे पाहू लागले, तेव्हा तुळजाबाईंनी त्यांचे हात धरले.

लोक लवकर पांगले. धर्मेंद्रभाऊ एका खांबाला टेकून उभे होते. कोणी बोलायला आलं की नुसती मान हलवत. मॅडम बाकाच्या टोकाशी बसल्या होत्या. सोनिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मॅडम, मी हो म्हटलं नसतं तर...”

“नसतं म्हटलं तरी हा माणूस कूलर लावतच होता,” मॅडम म्हणाल्या. खरं खोटं त्याच जाणोत. “जा, तिकडे बसले आहेत ते. त्यायले भेट आधी.”

ती लंगडतच समोरच्या रांगेकडे गेली. मी तिची बॅग उचलून मागे गेलो.

बाबनराव उठून उभे राहिले. “जिंकलो का वं?”

“नाही बाबा. हरलो.”

“हरलो?” त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काहून हरलो? म्या पाहिलं तवर तं हीच पुढं होती. हिनं एक टाकला, मग दुसरा टाकला. मंग मले वाटलं, आता काही काळजी नाही. आन् डोळा लागला.”

“अवो, पण मधात दोन सत्रं गेली!” तुळजाबाई म्हणाल्या. “पोरीचा सामना पाहायले आले का झोपायले?”

“लागली झोप, त्याले मी काय करू? घरी पत्र्याखाली रातभर डोळ्याले डोळा नाही लागत.” मग ते सोनिकाला म्हणाले, “आता परत कधी आहे?”

“परत नाही, बाबा. संपलं.”

“या वर्षीचं?”

“माझं संपलं.”

तेवढ्यात कोणीतरी कूलर बंद करत गेलं. एकेक घोंघाट थांबला आणि वरचा पत्रा तडतडताना ऐकू येऊ लागला. सोनिका वडिलांच्या रिकाम्या खुर्चीत बसली, कूलरच्या समोरच. आता तिथं वारा नव्हता. तिनं बुटाची नाडी सोडायला वाकायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. बाबनराव हळूच खाली बसले. विणकराच्या बोटांनी त्यांनी गाठ चाचपली, एक नाडी सोडली, मग दुसरी.

“थकली वं तू,” ते म्हणाले. “पाय काढ.”

बूट निघाले. त्यांनी खिशातला कांदा काढून तिच्या हातात दिला.

“ठेव. बाहेर अजून ऊन आहे.”