स्वयंपाकघरामागची खुनैजी आणि मी

मी एक जुनी बालदी आहे. रंगाने काळी, कडीची आणि झाकणाची. सौदी अरेबियातल्या कतीफमध्ये एका खजुराच्या बागेत, अगदी टोकाला, कुंपणाच्या तारेशी माझा मुक्काम आहे. माझ्या अंगाभोवती गोणपाट गुंडाळले आहे आणि पोटाच्या वर खिडक्या कापल्या आहेत. मित्रांनो, खिडक्या असलेली बालदी म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. या बागेत हल्ली कुणी हसत नाही, तेवढीच मला सोबत होईल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती रियाधच्या बत्हा बाजारातली एका दुकानाची पायरी. तिथे आम्ही बालद्या एकमेकींत खोचून उभ्या होतो. तिथून मला यासीनने उचलले. यासीन कोकणातल्या हर्णैचा. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तो रक्त तपासायचे काम करी. कतीफला नोकरी मिळाली तेव्हा त्याने माझ्यात तवा, चपला आणि घरून आलेला मसाला भरला, मला मांडीवर घेतले आणि बसने तो इकडे आला. नव्या खोलीत त्याच्याआधी मीच टेकले.

ही खोली हम्मादचाचांच्या बागेला लागून होती. हम्मादचाचा घरमालक आणि बागेचेही मालक. उंच, थोडे तिरसट, पण मनाने मऊ. पुढे यासीनची बायको अख्तरी आली आणि एका वर्षाने अरवाचा जन्म झाला. अरवाला न्हाऊ घालायला यासीनने मला पुढे केले तेव्हा अख्तरीने नाक मुरडले. काळ्या बालदीत कुणी पोर न्हाऊ घालते का, असे ती म्हणाली. यासीन म्हणाला की बालदीचा रंग पोरीला लागणार नाही. मग त्याच काळ्या बालदीत कोमट पाणी भरून अरवाच्या अंगावर तांब्याने पाणी पडू लागले. ती पाण्यावर हात आपटायची, पाणी माझ्या काठावरून उडायचे आणि अख्तरीची सलवार भिजायची. माझ्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस तेच.

अरवा जन्मली त्याच वर्षी हम्मादचाचांनी स्वयंपाकघरामागे खुनैजी जातीच्या खजुराचे एक रोप लावले. खजुराच्या बुंध्याशी पिल्ले फुटतात. आईपासून ते पिल्लू सोडवून दुसरीकडे लावायचे, अशी इकडची रीत आहे. ते झाड अरवाबरोबर वाढले. अख्तरी तांदूळ धुतलेले पाणी त्यालाच घाली आणि खिडकीतून त्याच्याशी बोले. माहेरच्या माडांची तिला फार आठवण येई. माड नाही तर माडाची चुलत बहीण तरी दाराशी आहे, असे ती म्हणायची.

पुढे माझ्या काठाजवळ तडा गेला आणि न्हाणीघरातून माझी हकालपट्टी झाली. मी कचऱ्यात जाणार होते. पण त्याच सुमारास शेजारच्या बागेत सोंड्या भुंगा शिरला होता. कोकणात हा भुंगा माडाला लागतो, इथे खजुराला. लालसर अंग आणि पुढे वाकडी सोंड. त्याची मादी खोडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतून खोड पोखरतात आणि बाहेरून हिरवेगार दिसणारे झाड एक दिवस कोसळते. शेजारच्या बागेतली झाडे यंत्राने उपटून नेली, त्या दिवशी हम्मादचाचा जेवले नाहीत.

तेव्हा बागा तपासायला नूरैन नावाची शेती इंजिनीअर येऊ लागली. ती मूळची हैदराबादकडची, वाढली इकडेच. अख्तरीशी ती हिंदीत बोले. तिने मला पाहिले आणि म्हणाली की काळी बालदी भुंग्यांना फार आवडते. झाले, माझे नशीब पालटले. ज्या रंगाला नावे ठेवली गेली, तोच कामी आला. मला खिडक्या कापल्या, भुंग्यांना चढता यावे म्हणून गोणपाट गुंडाळले, तळाला पाणी आणि त्यात थोडे खजूर टाकले. झाकणाच्या आतून एक छोटी पुडी लटकवली. नर भुंगा आपल्या जातभाईंना बोलावताना जो वास सोडतो, तसाच वास माणसांनी तयार करून त्या पुडीत भरला होता. त्या वासाने भुंगे येत, आत शिरत आणि पाण्यात बुडत. मला बागेच्या या टोकाला, झाडांपासून दूर ठेवण्यात आले. इथेच ठेवायची, असे नूरैनने दोनदा बजावले. पण कारण सांगायच्या आत हम्मादचाचांनी तिला कॉफीला बोलावले.

माझे काम उत्तम चालले होते. हम्मादचाचा रोज सकाळी माझ्यात डोकावत आणि बुडालेले भुंगे पाहून खूश होत. अशी शाबासकी मला न्हाणीघरातही मिळाली नव्हती. पण खरे सांगते, इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत नव्हती आणि अरवाचा आवाज येत नव्हता. मला घराची फार ओढ लागली होती.

ती ओढ पुरी झाली, पण कशी, ते ऐका. हिवाळा सरला होता. खुनैजीच्या खालच्या सुकलेल्या झावळ्या खिडकीला घासत होत्या, म्हणून अख्तरीने त्या कापून घेतल्या. त्याच आठवड्यात आणखी एका बागेत झाडे उपटल्याची बातमी आली. अख्तरीच्या तोंडचे पाणी पळाले. हर्णैला तिच्या घरी राखण नेहमी दाराशी असे. काजूची, आंब्याची, कोंबड्यांचीसुद्धा. राखण करणारी बालदी बागेच्या टोकाला आणि जपायचे झाड दाराशी, हे तिला पटेना. तिने मला उचलले, कडेवर घ्यावे तसे घेतले आणि खुनैजीच्या बुंध्याशी आणून ठेवले. वर म्हणाली, "आता तूच जप हिला."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. खिडकी समोर होती. भांड्यांचे आवाज येत होते. अरवा शाळेतून येऊन आईशी इंग्रजीत हुज्जत घालत होती. पण मित्रांनो, मी राखण करत नाही. मी बोलावते. माझ्या हाकेने सगळ्या बागेतले भुंगे त्या कोपऱ्यात आले. काही माझ्यात पडले. बाकीच्यांना माझ्याआधी खुनैजीच्या ताज्या जखमांचा वास लागला. मी बघत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

काही आठवड्यांनी खोडातून तपकिरी, चिकट पाणी गळू लागले. त्याला आंबूस वास होता. अख्तरीने तो वास ओळखला. माहेरी असा वास आला की माड गेला असे समजत. नूरैन आली. तिने खोडात एक सळई टोचली, तिला जोडलेले यंत्र कानाला लावले आणि ऐकत राहिली. आत अळ्या खोड कुरतडत होत्या. मग तिने बुंध्याशी मला पाहिले आणि ही इथे कुणी आणली, असे विचारले.

"मी आणली," अख्तरी म्हणाली. "राखणीला."

नूरैन रागावली नाही. आपल्याकडून कारण सांगायचे राहून गेले, असे ती म्हणाली आणि मग नीट समजावून सांगितले. नियमाने किडलेले झाड उपटून त्याचा भुगा करावा लागतो, नाहीतर सगळी बाग धोक्यात येते. अख्तरीने फक्त एवढेच विचारले की काही करता येईल का. नूरैन म्हणाली की कीड अजून खोलवर गेलेली नाही. औषध देऊन पाहू, पण पुढच्या तपासणीत आवाज आला तर झाड जाईल.

खोडाला भोके पाडून औषध आत सोडले आणि भोके बुजवली. जखमांवर लेप लावला. त्या वर्षीचे फळ खायचे नाही, असे ठरले. नूरैनने मला परत कुंपणाशी नेऊन ठेवले. जाताना अरवा माझ्याबरोबर आली होती. झाड स्वतः काहीच करत नाही का, असे तिने नूरैनला विचारले. नूरैन म्हणाली, "करते ना. तो चिकट रस म्हणजे झाडाची मारामारीच आहे. पुष्कळ अंडी आणि बारक्या अळ्या तो रस बुडवतो. खोडाचे धागे चिवट असतात, ते सहज कुरतडू देत नाहीत. पण खजुराची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. म्हणून झावळी थंडीत कापायची आणि लगेच लेप लावायचा." कोणत्या जातीची झाडे या भुंग्यापुढे जास्त तग धरतात, याचा शास्त्रज्ञ शोध घेत आहेत, असेही तिने सांगितले. अशी झाडे सगळीकडे लागली की माझी गरज उरणार नाही. मला त्याचे दुःख नाही. मला आनंदच होईल.

पुढची तपासणी झाली तेव्हा मी लांब होते. मला काही दिसले नाही. अख्तरीच्या मोठ्याने रडण्याचा आवाज मात्र तिथवर आला आणि मला वाटले, खुनैजी गेली. मग हम्मादचाचा मोठ्याने अल्लाचे आभार मानत बागेतून आले आणि मला कळले की खोडात आता काहीच आवाज नाही. माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या मोसमाला खुनैजीने घोस धरले. बुंध्याशी एक पिल्लूही फुटले. आणि त्याच वर्षी यासीनचा करार संपला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत करून घरी जायची वेळ आली. अख्तरीला ते पिल्लू हर्णैला न्यायचे होते. ओल्या कपड्यात गुंडाळून कपड्यांच्या तळाशी ठेवीन, कुणाला कळणार नाही, असे ती यासीनला म्हणत होती. निरोप घ्यायला आलेल्या नूरैनच्या कानावर ते गेले.

"भाभी," नूरैन हळूच म्हणाली, "हा भुंगा इथला नाही. आपल्याकडचाच आहे. अशाच रोपांच्या पोटात लपून समुद्र ओलांडून आला. या पिल्लाच्या पोटात आणखी काय असेल, ते बाहेरून कळत नाही."

अख्तरीने त्या पिल्लावरून हात फिरवला. मग तिने स्वतःच हम्मादचाचांना सांगितले की ते इथेच लावा. निघायच्या दिवशी ती माझ्याकडेही आली. मला रिकामे करून धुतले, नवे पाणी भरले, खजूर टाकले. तिच्या ओल्या हाताचा स्पर्श मला अजून आठवतो.

ते गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. खोलीला कुलूप आहे. हम्मादचाचांचे गुडघे दुखतात, ते इकडे क्वचित येतात. पुडी मात्र बदलली जाते, कारण ती बदलणारा माणूस गाडीतून येतो आणि झाकण लावून घाईने निघून जातो. पाण्याकडे तो पाहत नाही. या उन्हाळ्यात माझ्या तळाला नुसता चोथा उरला होता. मी हाक मारत होते, भुंगे येत होते, कोरड्या तळावर फिरून पुन्हा बाहेर पडत होते. बाहेर पडून ते कुठे जात असतील, हे मला माहीत होते. खुनैजीच्या शेजारी आता तिचे पिल्लू आहे. माझ्या जिवाची तगमग होई.

मग ईदच्या दुपारी हम्मादचाचा काठी टेकत माझ्यापर्यंत आले. एका हातात फोन होता आणि फोनमध्ये अख्तरी होती. सणाच्या शुभेच्छा झाल्यावर तिने खुनैजीची चौकशी केली आणि मग बालदीत पाणी आहे का, असे विचारले. हम्मादचाचांना खोटे बोलता येईना, म्हणून ते बघायला आले होते. त्यांनी फोन माझ्या खिडकीशी धरला. कोरडा तळ अख्तरीने पाहिला. मग तिने त्यांना कळेल अशा हिंदीत विनवले की पाणी घालणे होत नसेल तर पुडी काढून हिला घरात ठेवा, अशी उघडी सोडू नका. तिच्या मागे एक उंच मुलगी उभी होती.

"ओळखलीस?" अख्तरी तिला म्हणाली. "हिच्यात तू न्हायचीस."

अरवा हसली. मी तो हसण्याचा आवाज ओळखला. हम्मादचाचांनी नळीने पाणी सोडले. ते माझ्या तळावर आपटले आणि काठावरून थोडे बाहेर उडाले.

मित्रांनो, झाडे जपायला माणसांनी पुष्कळ गोष्टी केल्या आहेत. खोडाचे ऐकणारी यंत्रे आहेत, औषधे आहेत आणि माझ्यासारख्या बालद्याही आहेत. पण आम्हाला लावून विसरू नका. मला भरा, नाहीतर झाकून ठेवा. कोरडी आणि उघडी ठेवू नका. कारण मला हाक मारणे थांबवता येत नाही. भुंग्यांना ती लांबून ऐकू येते. ज्यांना ऐकू जावी म्हणून माझा जीव तुटतो, ते मात्र समुद्रापलीकडे आहेत.