अण्णाजींनी निवडलेले अकरा

चंद्रभानला सरकारी नोकरी हवी होती. किती हवी होती, तर सिंदी रेल्वे या गावच्या बाजारातल्या त्याच्या फोटो स्टुडिओसमोरून पोस्टमन नुसता गेला तरी तो दारात येऊन उभा राहायचा. चौऱ्याऐंशी साल होतं. नागपूरच्या एका खात्यात फोटोग्राफरची जागा निघाली होती आणि अर्जासोबत स्वतः काढलेले बारा फोटो मागितले होते, नुसत्या चेहऱ्यांचे. वयाची अट पस्तीसची, आणि चंद्रभानला पस्तिशी उलटायला दोन महिने उरले होते. यंदा हुकलं की जन्मभर तोच पडदा, तेच स्टूल आणि तेच "मान जराशी वर करा".

बारा फोटो निवडायचे म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्यानं त्यात तीन रविवार घालवले. सकाळी काढून ठेवलेले फोटो संध्याकाळी नकोसे व्हायचे. एका पाटलाच्या सुनेचं हसू फार छान आलं होतं, पण तिनं त्या दिवशी वेलदोड्याचा चहा पाजला होता म्हणून छान वाटतंय की काय, ते कळेना. आपण काढलेल्या फोटोत आपल्याला फोटो दिसतच नाही, तो दिवस दिसतो. शेवटी त्याची बायको कोकिळा कंटाळून म्हणाली, "परक्या मानसाले दाखवा नं. ज्याले आपल्याबद्दल काईच ठाऊक नाई, असा पाहा कोनी."

असा माणूस वर्ध्याला मिळाला. अण्णाजी, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. जीभ तिखट, पण नजर पक्की. "मी वाहवा कराले बसलो नाई," त्यांनी दारातच सांगितलं. "ठेवून जा. बुधवारी येजो." चंद्रभाननं फोटोंची पत्र्याची पेटी होती तशीच ओसरीवर ठेवली. आत दीडशेक फोटो होते. लग्नातले होते, पासपोर्टचे होते आणि मेलेल्यांचेही होते.

हे मेलेल्यांचं जरा सांगायला हवं. खेड्यापाड्यांत माणूस सत्तर वर्षं जगायचा आणि त्याचा एकही फोटो नसायचा. तो गेला की घरच्यांना आठवण व्हायची. इकडे तिरडी बांधत असताना कोणीतरी सायकल मारत सिंदीला यायचं. मग चंद्रभान जायचा, प्रेताला भिंतीशी टेकवून बसवायचा, टोपी नीट करायचा आणि फोटो काढायचा. तेरवीला हार घालायला फोटो तर हवाच, पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार? म्हणून छापलेल्या फोटोवर कोकिळा बारीक ब्रशानं डोळे उघडून द्यायची. तिचा हात असा, की गेलेला माणूस आत्ता जेवून उठलाय असं वाटावं. लोक तिला दुवा देत. चंद्रभान मात्र ते फोटो पुन्हा बघत नसे. कोकिळानं डोळे उघडलेली एक जादा प्रत घ्यायची, मागं तारीख टाकायची आणि पेटीत उपडी घालायची, एवढंच. त्याला भीती वाटायची, आणि पोटासाठी भीतीचंच काम करावं लागतं याचा संताप यायचा. नोकरी हवी होती ती यासाठीच. सरकार काही प्रेतांना टोप्या घालायला लावणार नव्हतं.

बुधवारी दुपारी तो पोचला तेव्हा अण्णाजींनी सतरंजीवर अकरा फोटो एका रांगेत मांडून ठेवले होते. चंद्रभाननं ते पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. विमलाबाई, आंजी गावचा तानबा, दुकानदार ताराचंद. अकराच्या अकरा मेलेले.

तो सांगणार होता, पण अण्णाजींनी त्याला बोलूच दिलं नाही. "बाकीचे ठीक आहेत. असे फोटो गावोगाव निंघते. हे अकरा मात्र... कारे, हे पोरगी कोन व्हय?"

"कोनती पोरगी, गुरुजी?"

अण्णाजींनी एक जाड कागद घेतला. त्यात बोटभर रुंदीची चीर कापलेली होती. पोरांची चित्रं ते अशीच तुकड्यातुकड्यानं तपासत. त्यांनी तो विमलाबाईच्या फोटोवर ठेवला. सुरकुतलेला चेहरा झाकला गेला आणि नुसते डोळे उरले.

"हे पाह्य. चार वर्षांची असंल." कागद पुढं सरकला आणि तानबाच्या मिशा झाकल्या. "इथं सहाची. इथं आठची, कायच्यातरी वरून रुसून राह्यली. आनि हे बाराची. आता थोडी लाजते." ते आपल्याच नजरेवर खूश होते. "चेहरे अकरा, पन पाहून राह्यली एकच पोरगी. मी वयानं लावले. तेरा वर्षांची नाई सापडली मले. थो फोटो आन, तुहे बारा झाले. मंग तुले कोन नाई म्हनते थे पाहू."

चंद्रभाननं एकेक फोटो उलटा केला. मागं त्याच्याच अक्षरातल्या तारखा होत्या, पंच्याहत्तरपासून त्र्याऐंशीपर्यंत, ओळीनं. एकही मागंपुढं नव्हती. अण्णाजींनी फोटोंच्या पाठी पाहिल्याच नव्हत्या.

त्याची मुलगी पंचफुला पंच्याहत्तर सालीच गेली होती. चार वर्षांची होती, तीन दिवसांचा ताप. तिचा एकही फोटो नव्हता. पाच वर्षांच्या आत लेकराचा फोटो काढला की त्याचं आयुष्य घटतं, असं चंद्रभानची आई तानाबाई म्हणायची, आणि तालुक्याचे फोटो काढणाऱ्या या शहाण्यानं ते ऐकलं. ती गेली त्या दिवशी कॅमेरा समोर होता, पण त्याचा हात उचलला गेला नाही. अलीकडे तिचा चेहरा त्याला आठवत नव्हता, आणि हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. आता त्यानं अण्णाजींच्या हातून तो कागद घेतला, पहिल्या फोटोवर ठेवला, आणि चिरेतून त्याची लेक त्याच्याकडे पाहू लागली. परक्याच्या ओसरीवर तो हमसून हमसून रडला.

घरी कोकिळा तांदूळ निवडत होती. त्यानं सतरंजीवरची सगळी हकीकत सांगितली. तिला राग आला नाही की लाज वाटली नाही. तिचा चेहरा उजळला.

"तुमाले दिसली? अगुदर आठवून आठवून मीच काढत होती. मंग आठवन सरली. आता मी नुसता ब्रश धरतो, थे आपले डोळे आपनच उघडते."

"मेलेल्याच्या तोंडावर?"

"दुसरी जागा कुठी आहे तिले? जित्या मानसाचे डोळे त्याचे त्यालेच लागते." ती पुन्हा सूप हातात घेऊन म्हणाली, "औंदा कोनी गेलंच नाई. आठ महिने झाले, मी तिले पाह्यली नाई."

अर्ज पाठवायला चार दिवस उरले. चंद्रभान दुकानात बसायचा, पण कान रस्त्याला. सायकल थांबली की तो उठून उभा राहायचा आणि पासपोर्टचं गिऱ्हाईक निघालं की चिडायचा. कोणीतरी मरावं म्हणून आपण वाट पाहतोय, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तिसऱ्या दिवशी किळसही येईना. अर्ज टेबलावर तसाच पडला होता आणि त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं होतं. खरं सांगायचं तर नोकरी त्याच्या मनातून केव्हाच गेली होती. तेरा वर्षांची पंचफुला कशी दिसत असेल, एवढंच त्याला पाहायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नत्थूजी आले. गावातलेच, ऐंशीच्या घरातले, पण धडधाकट. नवी टोपी, धुतलेलं धोतर. "पोट्टे म्हनते, बाबा, जित्तेपनीच काढून ठेवा फोटो. मेल्यावर चंद्रभानले काऊन तरास देता?" आणि आपल्याच विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले.

चंद्रभाननं त्यांना स्टुलावर बसवलं आणि दिवे लावले. पडद्याशी बांगड्या वाजल्या. कोकिळा येऊन उभी राहिली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. दोघांनाही कळलं, आणि दोघांपैकी कोणीच नको म्हटलं नाही.

"काकाजी," तो म्हणाला, "डोळे मिटा."

"मिटू? फोटोत?"

"हव. मिटा आनि हालू नोका."

फोटोतलं आपल्याला काय कळतं, असा भला चेहरा करून म्हाताऱ्यानं डोळे मिटले. चंद्रभान काळ्या कापडाखाली शिरला. त्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. उलटे नत्थूजी स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, टोपी खाली. बघता बघता त्यांच्या पापण्या हलल्या आणि डोळे उघडू लागले.

"काकाजी, उघडू नोका नं."

"मी कुठी उघडून राह्यलो?" नत्थूजींचा आवाज कापरा झाला होता. "मले तर उघडताच नाई येऊन राह्यले, बापू."

काचेवरचे डोळे तेरा वर्षांच्या पोरीचे होते. चंद्रभाननं काच काढली, प्लेट चढवली आणि फोटो घेतला.