धाकटीच्या मोज्यावरची पानं

थोरलीच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. त्याला कारणही होतं. लोकरीच्या दुकानाच्या दर्शनी काचेत दर हिवाळ्यात हातविणीच्या मोज्यांचा एकच जोड मांडत, आणि अकरा वर्षं तो तिचाच होता. घोट्यापासून बोटांपर्यंत पानांची वेल, प्रत्येक पानाला मधोमध शीर, अशी सरळ की फूटपट्टीनं लाजावं. खाली चिठ्ठीवर विणणारीचं नाव. थोरलीला वाचन बेताचंच, पण आपलं नाव माणसाला लांबूनही ओळखू येतं.

यंदा धाकट्या जावेनं पानांचे मोजे विणायला घेतले. थोरलीला बातमी लागली तेव्हा तिचा स्वतःचा एक मोजा होऊन दुसऱ्याचा काठ सुरू होता.

"कालपर्यंत हिला साधी टाच वळवता येत नव्हती," ती नवऱ्याला म्हणाली. "आता म्हणे पानं!"

"मग तुला कसली काळजी?"

"काळजी कुणाला आहे?" म्हणत ती चपला घालून बाहेर पडलीसुद्धा.

धाकटी दोन जिने खाली राहायची. मोजा खुर्चीतच पडला होता, चार सुयांवर ताणलेला.

"बसा ताई, चहा टाकते," म्हणून धाकटी आत गेली.

थोरलीनं बेत घरूनच शिजवून आणला होता. एकच टाका सुईवरून ढकलायचा. एक घसरला की खालचे भराभर सुटत जातात आणि पानाची शिडी होते. त्यात पाप ते काय? टाके आपसूकही घसरतात.

तिनं मोजा उचलला, टाका ढकलला, आणि तिची नजर शेजारच्या पानावर गेली. शीर डावीकडे कललेली, पान कसलं, चेंगरलेली टोपी! तिच्या जिवाची तगमग झाली, हात शिवशिवायला लागले. घसरलेला टाका तिनं परत उचलला, दोन वाकड्या ओळी उसवल्या, आणि चहा बाहेर येईपर्यंत अख्खं पान विणून मोजा होता तसा ठेवून दिला.

जिना चढताना तिनं स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. उद्या नक्की, म्हणाली.

उद्याही तेच झालं, परवाही तेच. धाकटीचा चहा दिवसेंदिवस रेंगाळायला लागला. कधी साखर सापडेना, कधी दूध आणायला खाली जावं लागे. किती गबाळी ही बाई, असं थोरली म्हणायची आणि तेवढ्यात आणखी एक पान उरकायची. मोडायला जायची, घडवून यायची. वर तिच्या घरी तिचा दुसरा मोजा टाचेशीच अडून बसला होता.

काचेसाठी जोड द्यायच्या शेवटच्या दिवशी दोघी दुकानात पोचल्या. थोरलीनं एक मोजा गल्ल्यापुढे ठेवला.

"काकू, दुसरा?" दुकानदारानं विचारलं.

"येतोय मागून."

"चालत?" धाकटी म्हणाली, आणि तिनं आपला पुरा जोड मांडला.

दुकानदारानं चष्मा लावला. "वा! घोट्यावरची पानं बघा. हा हातच वेगळा. यंदा काच तुमची, बाई."

थोरलीनं काचेकडे पाहिलं. गप्प बसावं तर अब्रू वाचत होती, पण चिठ्ठी जात होती. तिनं फार विचार केला नाही, तो तिचा स्वभावच नव्हे.

"ती पानं माझी आहेत! तेरा. मोजून घ्या. मोडायला गेले होते, हात ऐकेनात."

लोकर निवडणाऱ्या दोन बायकांनी इकडे कान लावले. थोरलीची मान ताठच. चोर तो चोर, वर शिरजोर.

"चौदा आहेत, ताई," धाकटी म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं मला, शीर सरळ आली तेव्हा. म्हटलं, जाऊबाईंना दया आलीय, तर चहा जरा उकळू द्यावा. एका चहाला तुमचं एक पान होतं. दूध आणायला गेले की दीड."

"दया?" थोरली कडाडली. "दयाबिया काही नव्हती!"

"आत्ता कळलं ते."

दुकानदार पेन उघडून बसला होता. "मग नाव कुणाचं लिहू?"

"माझं."

"काठ माझा, टाच माझी, पंजा माझा," धाकटी म्हणाली. "आणि नाव तुमचं?"

थोरलीनं टाच उलटीसुलटी करून पाहिली. खोट काढायला गेली ती सापडेना, आणि तेच तिला फार लागलं.

"लिहा दोघींचं," ती शेवटी गुरकावली. "पण माझं वर."

दुपारी एक अनोळखी बाई काचेसमोर थांबली. थोरली सहज आल्यासारखी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"घोट्यावरची सरळ पानं बघा. ती माझी."

"आणि ही वाकडी?"

थोरलीनं मागे पाहिलं. धाकटी रस्ता ओलांडून येत होती.

"वाकडं कुठे दिसलं तुम्हाला?" ती त्या बाईवर खेकसली. "चष्मा बदला आधी!"