चालेल

आमच्या कचेरीत तीन ढीग असतात. कागदावर त्यांची नावं लांबलचक आहेत, पण आपसात आम्ही म्हणतो 'चालेल', 'बघू' आणि 'गेलं'. उष्मा वाढत जाणार हे ठरलेलंच. त्यात कोणता प्राणी तगेल, कोणाला आधार द्यावा लागेल आणि कोणाच्या बाबतीत हात टेकायचे, एवढंच आम्ही सांगायचं. राखीव जागा मिळते ती फक्त 'बघू'ला. इतकी वर्षं हेच करून डोक्याचा पार भुगा झालाय. हल्ली लग्नाला गेले तरी नवरा-नवरीला मनातल्या मनात ढिगात टाकते.

त्या दिवशी गवत्याचा निकाल लावायचा होता. गवत्या म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या दगडांत राहणारा, सशाच्या कुळातला मुठीएवढा जीव. थंडीसाठी गवत कापतो, वाळवतो, दगडाखाली गंजी रचतो, म्हणून आम्हीच ठेवलेलं हे नाव. ऊन त्याला मुळीच सोसत नाही. पण यंदा तो पूर्वीपेक्षा बराच वर, नव्या तीन जागी आढळला होता. म्हणजे त्याला हलता येतं, आणि हलता येतं म्हणजे 'चालेल'.

"घ्या, एक तरी शहाणा निघाला," साहेब म्हणाले. "आजच पाठवून टाका, बाई. वरच्यांनी डोकं खाल्लंय."

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, आईचं काय करायचं? पोरीला आता वेगळी खोली हवी. दादा म्हणतो, त्याची गच्चीवरची खोली रिकामीच आहे."

"ती पत्र्याची? अरे, भट्टी आहे ती!"

"आईला विचारलं ना. म्हणाली, चालेल. तू हो म्हणालीस की रविवारी नेऊन सोडतो."

बाबा गेल्यापासून आई आमच्या तिघांत फिरतेय. आधी माझ्याकडे होती, मग दादाकडे, आता याच्याकडे. आमची आई म्हणजे पाणी, ज्या भांड्यात ओताल तशी, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. मी इतकी दमले होते की 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "संध्याकाळी येते, मग बोलू," म्हणून फोन ठेवला.

गेले तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, पायाशी बॅग.

"एवढ्यात भरलीससुद्धा?"

"भरतेय कुठली! रिकामी केलीच नव्हती."

"आल्यापासून?"

"वरचे दोन जोड काढते, धुते, परत ठेवते. पुन्हा पुन्हा कोण आवरत बसणार, बाई?" ती हसत म्हणाली.

मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीत तिचा कंगवा नाही, खुंटीला टॉवेल नाही. पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा हीच बाई बटणांचे डबेसुद्धा रंगांप्रमाणे लावून बसली होती.

आणि लाज वाटते सांगायला, पण तिथे बसल्या बसल्या मला गवत्या आठवला. त्या तीन जागी आम्ही त्याची शीळ ऐकली, लेंड्या पाहिल्या आणि 'आढळला' म्हणून मोकळे झालो. गंजी मात्र एकाही दगडाखाली नव्हती. मी स्वतः चढून गेले होते, सगळे दगड धुंडाळले होते. ज्यानं गवत साठवलं नाही तो तिथे राहायला आलेला नसतो. खाली राहवेना म्हणून तो वर सरकला होता, आणि त्याच्याही वर नुसता उघडा कडा होता.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "गवत्याचं 'चालेल' काढा."

"अहो, वर सरकलाय ना तो?"

"सरकलाय, साहेब. रुळलेला नाही. गंजी एकही नाही."

"झालं! आता परत सगळं मांडा. मग टाकू कुठे त्याला?"

"'बघू'त टाका. आणि या वेळी खरंच बघू."

साहेब म्हणाले, "उद्या लवकर या," आणि फोन ठेवला.

मी बॅग उचलली. धाकटा दारात आला. "अगं, रविवारी म्हणत होतो..."

"पत्र्याखाली कोणी जाणार नाही. दादाला सांग तसं. आई माझ्याकडे राहील."

"तुझ्याकडे दोनच तर खोल्या."

"मग त्यातली एक तिची."

घरी आल्यावर मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले. आईनं तोवर बॅग दाराजवळ, भिंतीला लावून ठेवली होती.

"आई, सामान लाव की."

"असू दे गं. तशीच चालेल."

"नाही चालणार!" मी किंचाळलेच. आई दचकली. मग मला रडू आलं, आणि रडतच मी म्हणाले, "तुला काय हवंय ते सांग ना एकदा. काहीही सांग."

ती बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग खिडकीकडे बघत, हळूच म्हणाली, "हे कपाट खिडकीवर आलंय. मागच्या वेळीही मला आवडलं नव्हतं. मला उजेड लागतो."

माझी कंबर मोडायच्या बेताला आली होती. पण मी पदर खोचला आणि कपाट ढकलायला घेतलं. मागे बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.