आधी शेजाऱ्यांचं बीपी

ज्या घरी काम असेल तिथे थेट जायचं नाही, ही सिस्टरची रीत. आधी शेजारी शिरायचं, मग समोर, मग त्याच्या पलीकडे, आणि या गडबडीत जिथे जायचं तिथेही. प्रत्येक घरी बीपी बघायचं, गुडघ्यांची चौकशी करायची, चहा घ्यायचा. मनोरुग्णांची नर्स एकाच दारात वारंवार दिसली की त्या दाराचं काय होतं, हे तिने पाहिलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ती मोठ्या इस्पितळात होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून. बरी करून घरी सोडलेली माणसं काही महिन्यांत परत यायची. आजार उलटला म्हणून थोडी, शेजार उलटला म्हणून फार. तिने किल्ल्या परत केल्या आणि वस्तीतलं काम मागून घेतलं. ते कुणीच मागत नाही, त्यामुळे लगेच मिळालं.

बाकी ती भित्री नव्हती. या आजारांची औषधं साध्या दवाखान्यातही मिळावीत म्हणून तिने वरच्या साहेबांना इतकं छळलं की एका साहेबांनी स्वतःच बदली मागितली. औषधं मात्र आली. शाळांत, सभागृहांत ती भाषणं करायची, ‘यात लाज कसली? लपवू नका.’ टाळ्या पडायच्या. मग पिशवी उचलून ती लपवायच्या कामाला निघायची. या दोन्हींचा मेळ कसा बसतो, असं तिला कुणी विचारलं नाही. दोन्ही जमेच्याच बाजूला पडत होतं, मग विचारतो कोण?

आमच्या गल्लीत तिचं खरं काम टेलरकडे होतं. तरुणपणी, दुसऱ्या गावी, त्याला बंद रेडिओतून हुकूम ऐकू यायचे, आणि एका हुकमावरून त्याने गिऱ्हाइकांचं सगळं कापड रस्त्यावर पसरलं होतं. इथे आल्यापासून महिन्याला एक इंजेक्शन, तेही सिस्टरच्या हातचं, आणि शिवण अशी की शोधावी लागे. हे त्याला, त्याच्या बायकोला आणि सिस्टरला माहीत होतं. आता सगळ्यांना माहीत आहे. ते कसं झालं तेच सांगायचं आहे.

सिस्टर निवृत्तीला आली तसा पेपरात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘मनोरुग्णांची ताई’. गल्लीने वाचलं आणि गल्लीच्या घशात चहा अडकला. म्हणजे ही बीपीवाली नव्हेच! मग इथे येते कुणासाठी?

ती जायची ती घरं चार. चौकशी किराणावाल्याच्या बायकोने हाती घेतली. तिला सगळे भोंगा म्हणतात, पाठीमागे. तिने पहिलं स्वतःचं घर वगळलं. म्हातारा ड्रायव्हर येताजाता शिव्या देतो, म्हणजे ठणठणीत, तोही सुटला. टेलरचं तर नावच नको. “इतकी सरळ शिवण घालणारा वेडा असेल का गं?” उरल्या शिकवणीवाल्या बाई. एकट्या राहतात, कुंड्यांशी बोलतात. झाला निवाडा.

कुणी भांडायला गेलं नाही. भांडण परवडलं असतं. एका पोराचं पोट दुखू लागलं, दुसऱ्याला वेळ जुळेना, तिसऱ्याची आई म्हणाली, आता मीच घेते अभ्यास. तिला स्वतःला पाढे येत नव्हते. बघता बघता बाईंच्या सतरंजीवर भाचीची मुलगी तेवढी उरली, आणि बाईंचं घर चालत होतं ते शिकवणीवर.

सिस्टर पुढच्या खेपेला आली तेव्हा बाईंनी तिला दारातच धरलं.

“बीपी राहू दे. आधी त्यांना सांगा, मी तुमची पेशंट नाही म्हणून.”

“बाई, आज तुमचं सांगितलं की उद्या ड्रायव्हरकाका येतील, परवा किराणावाली. मग जो उरेल तो...”

“उरेना! ज्याचं त्याने निस्तरावं. मी का भरू?”

“खरंय तुमचं.”

“नुसतं खरंय म्हणू नका. करा काहीतरी.”

“नाही सांगता येणार मला.”

“वा! दुसऱ्याची झाकायला माझी चादर.”

भिंतीपलीकडे टेलरचं मशीन चालू होतं, ते थांबलं. सिस्टर त्या दिवशी टेलरकडे गेली, सुई टोचली, आणि या विषयावर अवाक्षर काढलं नाही. त्यानेही नाही.

दोन दिवसांनी भोंगा ब्लाउजचं माप द्यायला दुकानात आली. टेप तिच्या दंडाभोवती आणि तोंड बाईंच्या घराभोवती.

“बाई चांगल्या हो, पण पोरांचा जीव का धोक्यात घाला? तुम्ही तर भिंतीला भिंत लावून राहता. रात्री ओरडतात का?”

“हात जरा वर, वहिनी. ओरडत नाहीत. सिस्टर त्यांच्याकडे चहाला जाते. सुई द्यायला माझ्याकडे येते.”

“कसली सुई?”

“डोक्याची. आधीच्या गावी मधे बंद केली होती तेव्हा मी ओरडायचो. आता नाही. बाही कोपरापर्यंत ना?”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. ती त्याची बायको. भोंगा हात वर करून तशीच उभी. खाली कापड होतं, ते उचलून निघता आलं असतं. पण घरचं लग्न तोंडावर होतं, आणि दुसरा टेलर कसा शिवतो ते तिला ठाऊक होतं.

“कोपराच्या वर,” ती शेवटी म्हणाली. “आणि पाठीला घट्ट नको.”

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दोघी कापड परत घेऊन गेल्या. एक नुसती बघायला म्हणून आली आणि लाजेखातर परकर शिवायला टाकून गेली. बाईंकडची पोरं हळूहळू परतली. क्षमा कुणी मागितली नाही. पोटदुखी थांबली एवढंच. बाई टेलरशी अजून बोलत नाहीत. जे भरलं ते त्यांनी भरलं, आणि त्याला इतके दिवस लागले, हे त्या विसरलेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात सिस्टर आली ती चिडूनच.

“मला विचारायचं तरी!”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“आणि हो म्हणाले असते तर?”

“तर ते तुमच्या नावावर गेलं असतं, ताई. तुमच्या नावावर पुष्कळ आहे.”

सिस्टरने सुई भरली. “कुठला दंड?”

“डावा. जरा लवकर करा, बाहेर गिऱ्हाईक बसलंय.”